वाचकांचे प्रश्न: पूर ओसरला, छोट्या रेल्वेचे रूळ हवेत लटकलेत, आता काय?

या वेळी टपालात आणि मेलवर सगळ्यात जास्त प्रश्न एकाच विषयावरचे आलेत. छोटी प्रवासी रेल्वे, म्हणजे ज्या चिमुकल्या गाडीवर खरीखुरी माणसं बसून फिरतात ती, तिच्या रुळांचं पुरात नुकसान झालं तर दुरुस्ती कशी करायची. अशा लाइनवर मी बरीच वर्षं हातात फावडं घेऊन काम केलंय त्यामुळे या विषयावर मला बोलायचंय, जरा सविस्तरच.

प्रश्न: ताई, आमच्या ग्रुपची सव्वासात इंची गेजची (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर तेवढं) लाइन आहे, साधारण 600 मीटर लांब. शेजारच्या नाल्याला पूर आला आणि मोरीजवळचा, म्हणजे रुळांखालून पाणी जायला टाकलेल्या पाइपजवळचा, 12-13 मीटर भराव वाहून गेला. रूळ आणि त्यांच्याखालच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे स्लीपर, मात्र शाबूत आहेत, तसेच हवेत झुलतायत. काही मेंबरचं म्हणणं आहे की खाली दगडमाती कोंबून पॅकिंग केलं की दोन रविवारात गाडी चालू. तुमचं मत काय?

दोन रविवारात नाही होणार, आणि तुम्ही केलीत तरी त्यावर मी कुणाच्या लेकराला बसवणार नाही.

रूळ शाबूत दिसतात म्हणून सगळ्यांना वाटतं की मुख्य गोष्ट वाचली, पण पुरात रूळ ही सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट असते. रूळ काय, वाकले तर सरळ होतात, नाहीतर नवे मिळतात. पाण्याने तिथे येऊन भराव का नेला ते आधी शोधा. बहुतेक वेळा गोष्ट अशी असते की मोरीच्या तोंडाशी फांद्या, पालापाचोळा, प्लास्टिक अडकलं, पाणी वरच्या बाजूला तुंबलं, मग एकतर ते भरावावरून उलटलं नाहीतर पाइपच्या बाहेरच्या अंगाने मातीतून वाट काढत गेलं. दुसरा प्रकार जास्त वाईट कारण तो वरून दिसत नाही. पाइप जागेवर असतो, भराव जागेवर असतो, आणि पाइपच्या कडेने हात जाईल एवढं भोक आरपार पडलेलं असतं. तेव्हा उतरत्या बाजूला जाऊन गुडघ्यावर बसा आणि पाइपच्या तोंडाखाली बघा. पाणी जिथे बाहेर पडतं तिथे खड्डा झालाय का, पाइपचं टोक अधांतरी आहे का, कडेने माती धुपून बारीक वाळूचे ओघळ आलेत का.

आणि जे 12 मीटर गेलं ते तर दिसतंय हो, मला त्याच्या दोन्ही बाजूंच्या वीस-वीस मीटरची जास्त काळजी आहे, कारण ते उभं आहे म्हणून कुणी बघणार नाही. एक दहा मिलिमीटरची सळई घ्या, प्रत्येक स्लीपरच्या टोकाशी खडीतून तिरकी आत दाबा. चांगला भराव असेल तर सळई थोडी जाऊन करकरत थांबते. आमच्या लाइनवर एकदा वरून अगदी ठाकठीक दिसणाऱ्या जागी माझी सळई मुठीपर्यंत सरसर आत गेली, बाहेर काढली तर टोकाला पाणी आणि लोण्यासारखा चिखल, वर खडीचा एक दगडसुद्धा हललेला नव्हता. तशीच स्लीपरवर हातोडीच्या दांड्याने टकटक करत चला, टेकलेला स्लीपर घट्ट आवाज देतो, खाली पोकळी असलेला डब डब वाजतो. कानाला दहा मिनिटांत सवय होते.

अजून एक. पाणी झपाट्याने उतरलं म्हणजे धोका टळला असं नसतं, उलट भरावाच्या कडा तेव्हाच घसरतात. पुराचं पाणी बाहेरून टेकू देत होतं ते गेलं, आतली माती मात्र अजून भिजून जड झालेली आणि ताकद गेलेली. म्हणून पहिले काही दिवस भरावाच्या माथ्यावर रुळांना समांतर जाणाऱ्या भेगा शोधा, सापडली की दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून मधलं अंतर रोज मोजा. अंतर वाढत असेल तर तिथे वजन नेऊ नका, चालत जायलाही दुसरी वाट धरा. लटकलेल्या रुळांवरून तर कुणी चालायचं नाही, फोटो काढायलासुद्धा.

आता प्रत्यक्ष काम. लटकलेली पॅनेल, म्हणजे स्लीपरसकट जोडलेले रुळांचे तुकडे, सोडवा, प्रत्येकावर रंगाने नंबर आणि दिशा लिहा, सपाट जागेवर एकावर एक रचून ठेवा. खड्ड्यातली सगळी मऊ माती, मुळं, कचरा बाहेर काढा, टणक तळ लागेपर्यंत. मग राहिलेल्या जुन्या भरावाच्या उतारात पायऱ्या कापा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. तिरक्या गुळगुळीत उतारावर नवी माती टाकली की ती घसरगुंडीवर बसल्यासारखी बसते आणि पुढच्या पावसात त्याच रेषेवरून सुटते, पायऱ्या असतील तर नवं जुन्यात अडकतं. भर मुरुमाची किंवा लहानमोठ्या मिश्र तुटक्या दगडाची घाला, चिकणमाती नको, पाडकामाचा राडारोडा नको. एका वेळी 100 ते 150 मिलिमीटरचाच थर, तो नीट धुमसायचा, मगच पुढचा. ओलावा बघायला मूठभर माती दाबून गोळा करा, गोळा झाला पाहिजे आणि बोटाने ढकलला की दोन-चार तुकडे झाले पाहिजेत. बोटांमधून चिखल येत असेल तर त्या दिवशी थांबा, कितीही धुम्मस मारा ती माती बसणार नाही, नुसती रबरासारखी डुगडुगेल. वरचा माथा सपाट ठेवू नका, 30 ला 1 एवढा आडवा उतार द्या म्हणजे खडीतून आलेलं पाणी बाजूला निघून जाईल.

याला वेळ लागतोच. मेंबरना समजावून सांगा, नाराज झाले तरी चालेल.

प्रश्न: आमचा भराव वाचला पण खडी पूर्ण गाळाने भरली. पाइपने धुऊन काढली तर चालेल का? की वरून नवी खडी टाकू?

वरून नवी खडी टाकू नका, हे अगदी कळकळीने सांगतेय कारण आम्ही नेमकं हेच केलं होतं. दिसायला लाइन सुंदर झाली, पांढरी स्वच्छ खडी, सगळे खूश. महिनाभरात स्लीपरच्या टोकांशी करडे डाग दिसायला लागले, मग चिखल वर आला, गाडी गेली की स्लीपर खाली दबायचा आणि पिचकारीसारखं गढूळ पाणी उडायचं. म्हणजे होतं काय, खडीचं काम दोन दगडांमधल्या रिकाम्या जागेवर चालतं, दगड एकमेकांत अडकून वजन पसरवतात आणि पाणी मधून निघून जातं. त्या जागा गाळाने भरल्या की पाणी अडकतं, दगडांना वंगण मिळतं, प्रत्येक चाकाबरोबर स्लीपर पंपासारखा वरखाली होतो आणि खालचा चिखल वर ओढतो. नव्या खडीतही तो चढतो. आमची ती सगळी खडी वाया गेली आणि काम दुसऱ्यांदा करावं लागलं.

जागेवर पाइप मारून धुण्यानेही फारसं साधत नाही, वरचा थर चकचकीत होतो आणि गाळ खाली जाऊन तळाशी घट्ट बसतो, म्हणजे जिथे तो सगळ्यात नको तिथेच. रूळ उचला, खडी बाहेर काढा, चाळणीवर टाकून धुवा, धुतलेलं गढूळ पाणी परत चरात किंवा नाल्यात सोडू नका. धारदार कोनांचे दगड परत वापरा. झिजून गोल झालेले वेगळे काढा, ते चरात तळाला घालायला चालतील. आपल्या छोट्या गेजला 10 ते 20 मिलिमीटरची तुटकी खडी बरी पडते, मोठ्या रेल्वेची मुठीएवढी खडी आपल्या स्लीपरखाली नीट पॅक होत नाही. आणि नदीतले गोल गोटे दिसायला कितीही छान असले तरी नकोत, ते एकमेकांत अडकत नाहीत, रूळ हळूहळू बाजूला सरकतो.

खडी परत घालायच्या आधी खाली जिओटेक्स्टाइल अंथरा, ते नमद्यासारखं दिसणारं न विणलेलं कापड. ते पाणी सोडतं पण माती अडवतं. पैसे वाचवायला प्लास्टिकची ताडपत्री टाकलेली मी बघितलीय, तिने खाली तळं तयार होतं. खालची माती फार बारीक चिकण असेल तर कापडाखाली वाळूचा एक थरही द्या, नुसतं कापड कालांतराने बारीक मातीने चोंदतं.

हे काम करताना हातमोजे आणि बूट घालाच. पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं, लेप्टोस्पायरोसिस हातावरच्या बारीकशा जखमेतून होऊ शकतो. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते प्रत्येकाने आठवून बघा.

प्रश्न: मोरीचा पाइप 150 मिलिमीटरचा होता, आता तसाच एक अजून शेजारी टाकतोय, म्हणजे दुप्पट पाणी जाईल. शिवाय सगळी लाइनच अर्धा मीटर उचलायचा विचार आहे म्हणजे परत बुडणार नाही. बरोबर ना?

दोन्ही गोष्टींवर थांबा जरा.

दोन लहान पाइपांपेक्षा एक मोठा केव्हाही चांगला. 150 ऐवजी 300 चा पाइप टाकलात तर व्यास दुप्पट, तोंडाचं क्षेत्रफळ चौपट, आणि उतार तोच असेल तर प्रत्यक्षात जाणारं पाणी सहा पटींहून जास्त होतं, कारण मोठ्या पाइपात भिंतीला घासून जाणारं पाणी प्रमाणाने कमी असतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे 150 च्या तोंडाला एक फांदी आडवी बसली की संपलं, मग शेजारी तसे तीन असले तरी तिन्ही एकाच रात्री तुंबतात. 300 मधून तीच फांदी निघून जाते. तोंडाच्या जरा अलीकडे तिरका गज लावा कचरा अडवायला, पण पाइपच्या तोंडावर घट्ट जाळी बसवू नका, ती जाळी म्हणजेच बूच होते. पाइपच्या दोन्ही तोंडांना भिंतीसारखं बांधकाम करा म्हणजे पाणी पाइपच्या कडेने मातीत घुसणार नाही, आणि बाहेर पडण्याच्या जागी मोठे दगड नीट रचून, शक्य तर तारेच्या जाळीत बांधून ठेवा. पाण्याची धार मातीवर पडता कामा नये.

लाइन उचलण्याचं म्हणाल तर त्याला माझा विरोध आहे. अर्धा मीटर उंच भराव बागेतून आडवा गेला की तो भराव राहत नाही, धरण होतं. पाणी तुमच्या वरच्या बाजूला साठणार, तिथे झाडं असतील, कुणाचं घर असेल, त्यांच्यात शिरणार, आणि जेव्हा धरण फुटेल तेव्हा आत्तापेक्षा जास्त जोराने फुटेल. यापेक्षा उलटा विचार करा. सगळ्यात सखल जागी 8-10 मीटरचा तुकडा मुद्दाम जरा खाली ठेवा, त्याच्या दोन्ही कडा जाळीतल्या दगडांनी बांधून घ्या, आणि मोठा पूर आला तर पाणी तिथूनच उलटू दे. तेवढ्या तुकड्यावरची थोडी खडी जाईल, एका दुपारचं काम, बाकी सगळी लाइन वाचेल. त्या तुकड्यात रुळांचे सांधे, काटे (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारे हलते रूळ), सिग्नल काही ठेवू नका. पाण्याला कुठूनतरी जायचंच आहे, ती जागा आपण निवडलेली बरी.

प्रश्न: आमचे रूळ ॲल्युमिनियमचे आणि स्लीपर रिसायकल प्लास्टिकचे, म्हणजे गंजायचा कुजायचा प्रश्नच नाही. मग पुरानंतर फक्त धुतले की झालं?

गंजत नाहीत हे खरं, पण तुमची अडचण वेगळी आहे. बऱ्याच प्लास्टिक स्लीपरचं मटेरियल पाण्यापेक्षा हलकं असतं, ते तरंगतात. त्यावर ॲल्युमिनियमचा रूळ, तोही पोलादाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचा. म्हणजे पाणी रुळांच्या वर चढलं की आख्खं पॅनेल हलकं होऊन उचललं जातं आणि पाणी उतरताना परत बसतं, पण जिथे होतं तिथे नाही. खाली खडीचे दगड सरकून शिरलेले असतात. वरून नजरेला सरळच दिसतं, म्हणून दोरी लावून आणि पातळी घेऊन बघा.

दुसरं, सांधे. सगळ्या फिशप्लेट, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्ट्या, उघडा. आत बारीक वाळू गेलेली असते आणि रुळांच्या टोकांमधली फट गाळाने भरून सिमेंटसारखी झालेली असते. तापमान 30 अंशांनी वाढलं तर 3 मीटरचा पोलादी रूळ एक मिलिमीटरच्या जरा वर लांबतो, ॲल्युमिनियमचा दोन मिलिमीटर. ऐकायला किरकोळ, पण 100 मीटरवर ते जवळजवळ 7 सेंटिमीटर होतात. फटी बुजलेल्या, स्लीपरच्या टोकांबाहेरची खडी वाहून गेलेली, म्हणजे रुळाला बाजूने धरणारं काही नाही, आणि पुरानंतर चारच दिवसांनी कडक ऊन पडलं की लाइन सापासारखी वाकते. म्हणून आधी सांधे मोकळे करा आणि स्लीपरच्या टोकांना खडीचा खांदा परत चढवा. पोलादी स्क्रू ॲल्युमिनियमला टेकतात तिथे पांढरी भुकटी दिसली तर तो स्क्रू बदला, दोन वेगळे धातू आणि घाण पाणी एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

प्रश्न: सिग्नल सतत लाल दाखवतोय, गाडी नसतानाही. मोटारीचे काटेही पाण्यात होते.

ट्रॅक सर्किट, म्हणजे रुळांतून हलका करंट सोडून गाडी ओळखणारी व्यवस्था, असेल तर लाल दाखवणं हे त्याचं बरोबर काम आहे. दोन रुळांच्या मध्ये ओला गाळ आहे, त्यातून करंट जातो आणि सर्किटला वाटतं गाडी उभी आहे. खडी साफ झाली, इन्सुलेटेड (करंट अडवणाऱ्या) सांध्यांतली घाण निघाली की बहुतेक वेळा आपोआप सुटतं. तोपर्यंत कुणी वायर जोडून सिग्नल जबरदस्तीने हिरवा करायचा नाही. काट्यांच्या मोटारी सप्लाय बंद करून काढा, उघडा, वाळवा, शंका असेल तर नवीन घ्या. काट्याची जीभ, म्हणजे त्याचं हलणारं निमुळतं टोक, मुख्य रुळाला पूर्ण चिकटतेय का ते दोन्ही बाजूंना हाताने तपासा, मध्ये ज्वारीच्या दाण्याएवढा खडा जरी राहिला तरी आपल्या एवढ्याशा चाकाची कड तिथे चढू शकते.

प्रश्न: आमची लाइन 15 इंची आहे. हेच सगळं लागू होतं का?

तत्त्वं तीच, पण वजनं वेगळी. 15 इंच म्हणजे 381 मिलिमीटर, सर आर्थर हेवूड यांनी 1874 पासून इंग्लंडमध्ये डफील्ड बँकला याच गेजवर प्रयोग केले. तिथलीच रेव्हनग्लास-एस्कडेल लाइन आधी 3 फुटी होती, 1915 पासून तिचं 15 इंचीत रूपांतर केलं गेलं, आणि 1927 मध्ये सुरू झालेली रॉम्नी, हाइथ अँड डिमचर्च तर वीस किलोमीटरच्या वर आहे. ही इंजिनं टनांत मोजायची असतात. तेव्हा मोरी आणि भराव यांचं डिझाइन मेंबरच्या अंदाजावर सोडू नका, स्थापत्य अभियंत्याकडून करून घ्या. छोटे पूल असतील तर खांबांच्या पायाखालची माती गेलीय का हे पाणी उतरल्याबरोबर बघा, नंतर तो खड्डा सैल गाळाने भरतो आणि सगळं ठीक वाटतं.

प्रश्न: सगळं झालं असं समजा. प्रवासी कधी बसवायचे?

हा प्रश्न विचारलात याचा मला खरंच आनंद झाला, बाकीच्यांनी विचारला नाही.

आधी मोजमाप. गेज तर बघालच, पण मला सगळ्यात जास्त भीती ट्विस्टची असते, म्हणजे थोड्याच अंतरात एक रूळ दुसऱ्याच्या तुलनेत खाली जाणं. सव्वासात इंची म्हणजे 184 मिलिमीटर गेजवर एक रूळ 5 मिलिमीटर खचला तर डोळ्याला कळतही नाही, पण तेवढाच कल मोठ्या रेल्वेच्या 1435 मिलिमीटर गेजवर 39 मिलिमीटर होतो. आपल्या डब्यांची चौकट ताठ असते, त्यामुळे अशा जागी एक चाक हलकं होऊन उचललं जातं आणि वळण असेल तर रुळावर चढतं. वर पाय दोन्हीकडे सोडून बसायचे डबे, माणसाचं वजन उंचावर. म्हणून दर अर्ध्या मीटरला दोन रुळांवर आडवी पट्टी आणि त्यावर स्पिरिट लेव्हल ठेवून फरक लिहून काढा आणि लागोपाठच्या आकड्यांमध्ये किती उडी आहे ते बघा. एकेक आकडा ठीक असेल, उडी ठीक नसेल. हे आकडे वहीत तारखेसह लिहा, ते नंतर लागणार आहेत.

मग रिकामा डबा हाताने ढकलत न्या, दोन जण दोन बाजूंना वाकून चाकं बघत. मग नुसतं इंजिन, चालण्याच्या वेगाने. मग डब्यांत माणसांऐवजी वाळूच्या गोण्या, भरलेल्या गाडीचं जेवढं वजन होतं तेवढ्या, सीटच्या उंचीला बांधून, आणि एक फेरी नाही, भरपूर फेऱ्या. दुरुस्त केलेल्या तुकड्याजवळ एकाने बसून फक्त स्लीपर बघायचे. चाकाखाली स्लीपर दबला आणि परत वर आला की तिथे खडूने खूण करायची, फेऱ्या संपल्यावर पॅकिंग. नंतर परत सगळं मोजायचं आणि वहीतल्या आकड्यांशी ताडून बघायचं. नवा भराव बसतोच, ते दोष नाही, फक्त बसणं थांबलंय हे आकड्यांनी दाखवलं पाहिजे. डबे पुरात बुडाले असतील तर त्यांच्या बेअरिंग आणि ब्रेकही या आधीच उघडून झालेले हवेत.

यानंतर तुमच्या भागात जी सुरक्षा तपासणी लागते ती करून घ्या, विमावाल्यांना दुरुस्तीचे फोटो आणि ती वही दाखवा. आमच्याकडे पूर आला होता तेव्हा पहिला जोरदार पाऊस पडून जाईपर्यंत आम्ही प्रवासी बसवले नाहीत. त्या रात्री तिघी जणी टॉर्च घेऊन मोरीपाशी उभ्या होतो, नव्या पाइपमधून पाणी येत होतं, कडेची माती कोरडी होती. सकाळी परत लेव्हल घेतली, वहीतले आकडे जसेच्या तसे होते, आणि त्याच आठवड्यात पहिली गाडी सोडली.